बारा पॉइंट चार

चिंतामणी सरांबद्दल कुणी विचारलं की कॉलेजातले लोक म्हणतात, फार शांत माणूस. डोंबलाचा शांत! बोलायला कुणी नसेल तर माणूस शांतच दिसणार ना? अठरा वर्षं मी त्यांच्या लॅबमध्ये काचा धुतल्यात. मला विचारा की.

मी विनिता, कोन गावची. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबला अटेंडंट आहे. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा उचलायच्या आणि त्यांनी खोटं बोललेलं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. आमच्या शेताच्या जागी आता गोदाम आहे, भाडं येतं. नवरा, पंढरी, रोज सकाळी तेच म्हणतो, "आपल्याला काय कमी हाय? कशाला जातंस त्या ॲसिडात हात घालायला?" मी म्हणते, घरी बसून दिवसभर तुमचं तोंड बघू काय? आणि रिक्षा पकडते.

सर म्हणजे लॅब असिस्टंट. खरं तर 'सर' नव्हेतच. शिकवणारे प्राध्यापक वेगळे, आसावरी मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. पण द्रावणं बनवणं, वजनं करणं, कुठल्या पोराला कुठली पावडर द्यायची ते ठरवणं, हे सगळं चिंतामणी सरांचं. म्हणून पोरं त्यांनाही सर म्हणतात. कॉलेज साडेनऊला उघडतं आणि हे बाबा आठला दारात. बाजारपेठेमागे दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. आई होती, माई. तिची दुखणी काढता काढता यांचं लग्नाचं वय निघून गेलं आणि करोनाच्या दुसऱ्या वर्षी माईही गेली. तेव्हापासून डबासुद्धा वजनकाट्याच्या खोलीत उभ्याउभ्या खायचे. का, तर म्हणे बसून खाल्लं की दुपार संपत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

एकदा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेले. टीव्ही बंद, रेडिओ बंद, समोरच्या कापडाच्या लूमचा खडखडाट तेवढा चालू. टेबलावर एक ब्युरेट उभी केलेली! ब्युरेट म्हणजे खाली चावी असलेली, आकडे कोरलेली लांब काचेची नळी. थेंब थेंब द्रावण सोडून किती लागलं ते मोजायचं. घरी कशाला आणली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बिल्डिंगच्या बोरिंगचं पाणी तपासतो. दर रविवारी. मागच्या रविवारपेक्षा थोडं जास्त कठीण आहे, क्षार वाढलेत." मी म्हटलं, सांगितलंत का बिल्डिंगवाल्यांना? तर म्हणाले, "कुणी विचारलं नाही."

मी पत्रिका ठेवली आणि निघाले. जिन्यात मला उगाच रडू आलं. मेलं ते पाणी!

आता मुख्य गोष्ट. आमच्या इथं वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा असते. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात. ऑरगॅनिकला प्रत्येकाला एक अनोळखी पावडर मिळते. पोरं ती जाळून बघतात, सोडियमच्या खड्याबरोबर नळीत लाल होईपर्यंत तापवतात, गरम नळी पाण्यात फोडतात, आणि शेवटी ते काय आहे ते ओळखून लिहितात. दुसऱ्या दिवशी असतो ॲनालिटिकलचा पेपर. त्यात पाण्याचा कठीणपणा काढायचा. सरांनी बनवलेलं पाणी सगळ्यांना सारखंच. त्यात अमोनियाच्या वासाचा बफर घालायचा, चिमूटभर रंग टाकायचा, की पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. मग वरून ब्युरेटमधून इडीटीए नावाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लाल जाऊन स्वच्छ निळा झाला की चावी बंद. किती लागलं, तो आकडा म्हणजे रीडिंग. मला एवढं कळतं, कारण अठरा वर्षं ऐकतेय.

खरं रीडिंग किती, हे ठरवणार कोण? चिंतामणी सर. परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसातला येऊन ते स्वतः तीनदा करून बघायचे, आकडा चिठ्ठीवर लिहायचे आणि परीक्षकाला द्यायचे. पोरांचा आकडा त्यांच्याशी जुळला की पैकीच्या पैकी. पॉइंट सहाच्या पलीकडे गेला की भोपळा.

चिठ्ठी ते खिशात ठेवायचे, पण आकडा तोंडात ठेवता यायचा नाही. त्या वेळी लॅबमध्ये आम्ही दोघंच. चावी बंद केली की एकदम वळायचे आणि म्हणायचे, "विनिताबाई, नऊ पॉइंट आठ!" चेहरा असा, जणू नातू झाला. वर्षभरात त्यांना एवढं खूश मी दुसऱ्या कुठल्या दिवशी बघितलं नाही. कुणाला तरी सांगायचं असायचं, आणि तिथं मीच असायची.

आणि मी काय करायची? मी तो आकडा पोरांना सांगायची.

तोंडानं नाही हो. माझ्या आधी केसरीनाथ नावाचे अटेंडंट होते, कॉलेज उघडल्यापासूनचे. निवृत्त होताना त्यांनी मला बेसिनजवळ नेऊन सगळं समजावलं होतं. "हे दोन लाकडी स्टँड. परीक्षेच्या दिवशी मोठ्यात पूर्ण आकड्याएवढ्या नळ्या उलट्या लावायच्या, छोट्यात पॉइंटच्या पुढच्या. पोरं फ्लास्क धुवायला येतात, बघून जातात. मी पहिल्या परीक्षेपासून लावतोय. पोरं गरिबाची आहेत गं, एका थेंबावरून वर्ष कशाला घालवायचं?" मला ते पटलं. नऊ पॉइंट आठ असेल तर मोठ्यात नऊ, छोट्यात आठ. सीनिअर पोरं ज्युनिअरांना सांगून जायची. मी एवढंच बजावायची, सगळ्यांनी एकच लिहू नका रे मेल्यांनो, कुणी पॉइंट सात लिहा, कुणी नऊ. बाकी चालायचं. मला त्यात पाप वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. परीक्षा संपली की त्यात लिहायचे: वर्ष, त्यांचं रीडिंग आणि किती पोरांचं जुळलं. बावीसपैकी एकवीस. एकोणीसपैकी एकोणीस. मला दाखवायचे. एकदा म्हणाले, "विनिताबाई, पोरं वर्षभर माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत, पण बघा, त्यांचा डोळा आणि माझा डोळा एकाच थेंबावर थांबतो." मी 'हो सर' म्हटलं आणि फडकं पिळत बसले. आता काय सांगणार होते?

या वर्षी संक्रांतीनंतर आठवडा झाला असेल. मी गडद निळी साडी नेसून आले, तर सर म्हणाले, "संक्रांत गेली की, अजून काळी साडी?" मी म्हटलं, पुरुषांना मेलं रंगातलं काय कळतंय! मग त्यांनी लॅबची ट्यूबलाइट दोनदा बदलून घेतली. उजेड कमी पडतो म्हणायचे. बाटलीवरचं नाव वाचायला बाटली नाकाशी न्यायची. मी बघत होते सगळं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. मीही कसली शहाणी!

परीक्षेच्या दिवशी सकाळी ते वळून म्हणाले, "विनिताबाई, बारा पॉइंट चार!" मी मोठ्या स्टँडमध्ये बारा नळ्या लावल्या, छोट्यात चार.

एकवीस पोरांची बॅच होती. त्यात तुळजा. बाप लूमवर, सोलापूरकडचे लोक. बारावीनंतर या पोरीनं वर्षभर इथल्याच पूर्णा गावच्या गोदामात उभं राहून पार्सलं पॅक केली, फी जमवली आणि मग कॉलेजात आली. बरोबरीच्या पोरी पुढे गेल्या, ही एक वर्ष मागे. कल्याणच्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबनं तिला जूनपासून घ्यायचं कबूल केलं होतं, पण पास झाली तरच. ॲनालिटिकलला भोपळा म्हणजे प्रॅक्टिकल नापास, प्रॅक्टिकल नापास म्हणजे पुन्हा पुढल्या वर्षी. हे ती मला सांगून बसली होती आणि मीच तिला म्हटलं होतं, घाबरू नकोस गं, मावशी आहे ना.

पोरं एकेक करून बेसिनशी आली, नळ्यांकडे बघितलं, गेली. तुळजा आली. फ्लास्क धुतला, नळ्या मोजल्या. मी बघितलं ना, तिनं नीट मोजल्या. मग हळूच म्हणाली, "मावशी, माझा अकरा पॉइंट सहाला निळा झाला."

"मग लिही ना बारा पॉइंट चार!"

"तीनदा केलं. तिन्ही वेळा अकरा पॉइंट सहा."

"अगं बये, वीस जणं काय येडी आहेत? परीक्षक काय तुझा निळा बघायला येणारे?"

"पण झाला ना मावशी निळा," ती म्हणाली. आवाज रडवेला, पण मान ताठ. फ्लास्क उचलून गेली. मी इतकी चिडले की एक नळी बेसिनमध्येच फुटली.

दुपारी परीक्षकांनी पेपर बघायला घेतले. उंच, चष्मेवाले, कपाळाला आठी असलेले गृहस्थ. शेजारी आसावरी मॅडम, पलीकडे चिंतामणी सर. पोरं भिंतीला उभी. परीक्षक एकेक आकडा वाचत होते: बारा पॉइंट चार, बारा पॉइंट तीन, बारा पॉइंट पाच. सर प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. खुशीत. मग परीक्षक थांबले.

"अकरा पॉइंट सहा. तिन्ही वेळा. ही कोण?"

तुळजा पुढे आली.

"वीस जणांचं एक येतं, असिस्टंट सरांचं तेच येतं, आणि तुझं वेगळं? ब्युरेट तरी नीट धुतली होतीस का?"

"हो सर."

चिंतामणी सर मवाळपणे म्हणाले, "घाई झाली असेल बाळ. लाल पूर्ण जायच्या आधी चावी बंद केलीस." कुचकेपणा नव्हता हो त्यांच्यात, एवढासुद्धा. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. परीक्षकांनी पेन उघडलं. तुळजा जमिनीकडे बघत होती, पण तिनं 'चुकलं' म्हटलं नाही.

मी बेसिनशी उभी. हातात फडकं. पेन खाली आलं की त्या पोरीचं वर्ष गेलं, हे मला दिसत होतं. आणि तोंड उघडलं तर सरांचं काय जाईल, तेही दिसत होतं. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? देवाशपथ सांगते, क्षणभर मला वाटलं, जाऊ दे, पोर तरुण आहे, पुढल्या वर्षी देईल. असं वाटलं मला. आजही त्याची लाज वाटते.

"थांबा," मी म्हटलं. "त्या वीस जणांनी काही काढलेलं न्हाय. तो आकडा मी दिलाय." घरची बोली तोंडात आली, एवढी मी घाबरले होते.

मी परीक्षकांना बेसिनशी नेलं आणि नळ्या दाखवल्या. बारा आणि चार. आसावरी मॅडमनी कपाळाला हात लावला. पोरं एकमेकांच्या मागे लपायला लागली. चिंतामणी सर जागचे उठले नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हते, त्या नळ्यांकडे बघत होते.

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे. बाकीच्यांचं बाजूला ठेवा. माझ्यासमोर करा एकदा. मुलगी करेल, सर बघतील."

तुळजानं ब्युरेट भरली. फ्लास्कमध्ये पाणी, बफर, रंग. लाल झालं. चावी हळूहळू फिरवत, फ्लास्क हलवत राहिली. अकराच्या पुढे एकेक थेंब. अठरा वर्षांत मी तो फ्लास्क हजारदा धुतला असेन, पण रंग बदलताना कधी वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. लाल, मग जांभळं, आणि एका थेंबाला सगळं निळं झालं. धुण्याच्या निळीसारखं. लहान पोरानंही ओळखलं असतं.

"अकरा पॉइंट सहा," तुळजा म्हणाली.

"नाही," सर म्हणाले. ते फ्लास्कवर वाकले होते. "अजून मळकट आहे. अजून सोड."

परीक्षकांनी मान हलवली, तशी तुळजानं आणखी एक थेंब सोडला. पाणी होतं तसंच. आणखी सोडला. निळ्यावर कितीही सोडा, निळंच राहतं. जास्त झालं हे रंग सांगत नाही. सर वाट बघत होते. बारा झालं. बारा पॉइंट दोन. शेवटी म्हणाले, "आता. आता झाला," आणि मान वर केली, तर आमचे सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे.

त्यांना कळलं. माणूस हुशार, एका क्षणात कळलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग परीक्षकांना म्हणाले, "तिचं बरोबर आहे. माझं चुकलं. चिठ्ठी रद्द करा." आणि तुळजाला म्हणाले, "मी 'अजून सोड' म्हटल्यावर सोडत गेलीस, हे मात्र चुकलं. निळा झाला की कुणाचं ऐकायचं नाही." ती रडायला लागली. आता काय रडायचं होतं त्यात, पण रडली.

तुळजाला पैकीच्या पैकी मिळाले. बाकीच्या विसांना परीक्षकांनी बरंच सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाण्यावर परत बसवलं. नळ्यांचे दोन्ही स्टँड मॅडमनी कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितले. पोरांचे आकडे जे आले म्हणता, कुणाचा साडेनऊ, कुणाचा साडेअकरा! मला मेमो मिळाला, तो मी घरी पंढरीला दाखवला. तो म्हणाला, "बरा झाला. आता तरी घरी बसशील?" बसले नाही. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला; त्यानं निळा रंग काळपट दिसतो म्हणे. पुढे ऑपरेशनला पंढरीच त्यांना घेऊन गेला, कारण फॉर्मवर नातेवाईक म्हणून लिहायला सरांकडे नावच नव्हतं.

पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

साडेपाच झाले होते. परीक्षक गेले, मॅडम गेल्या, पोरं तर केव्हाच पळाली. मी काचा आवरत होते. मुद्दाम हळू आवरत होते, कारण सर अजून टेबलाशी बसले होते आणि समोर ती निळी वही उघडी होती. रागावतील, बोलतील, एखादी शिवी देतील, असं मला वाटत होतं. दिली असती तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हटलं, "सर, मला माफ करा. पोरांची दया आली म्हणून केलं."

ते वहीची पानं उलटत होते. एकवीस. एकोणीस. बावीस. प्रत्येक पानावर थांबायचे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मी लागले तेव्हापासून. अठरा वर्षं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग मागची पानं काढली. पिवळी पडलेली, शाई उडालेली. एका पानावर बोट ठेवलं आणि वही डोळ्यांजवळ नेली.

"म्हणजे हे सगळे आकडे माझेच," ते म्हणाले. "मीच सकाळी तुम्हाला सांगायचो आणि दुपारी तेच माझ्याकडे परत यायचे. एवढी वर्षं लॅबमध्ये मी एकटाच करत होतो."

मला हुंदका आला. मी तोंडाला पदर लावला. आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, दिवसभरात पहिल्यांदा.

"विनिताबाई, मी लागलो त्याला एकोणतीस वर्षं झाली. तुम्ही यायच्या आधीची अकरा वर्षं आहेत यात. तेव्हा केसरीनाथ होते. ती तरी खरी ना?"

माझ्या डोळ्यांसमोर केसरीनाथ उभे राहिले, बेसिनशी, हातात नळी. पहिल्या परीक्षेपासून लावतोय, म्हणाले होते.

"खरी हो सर," मी म्हटलं. "ती अगदी खरी. केसरीनाथ फार कडक होते. नळ्यांचं डोकं माझंच."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना मी किती दिसत होते कोण जाणे. मग त्यांनी पट्टी घेतली, अकराव्या वर्षाच्या खाली एक सरळ रेघ मारली आणि रेघेच्या वरचे आकडे एकेक करून हळू आवाजात वाचायला लागले. मला सांगत होते, की स्वतःला, कळलं नाही. मी नळ बंद केला आणि सगळे आकडे संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.